मिल्वॉकीकरांचीं मतें

अमेरिकेच्या राजकारणाचा विषय वर्गांत निघाला म्हणजे एखादा तरी विद्यार्थी ठासून सांगतो कीं, त्या देशांत समाजवाद कधींच रुजला नाहीं. राष्ट्रापुरतें हें विधान बरेंचसें खरें आहे. परंतु मिशिगन सरोवराच्या पश्चिम तीरावरील मिल्वॉकी शहरानें १९१० ते १९६० या पन्नास वर्षांपैकीं अडतीस वर्षें आपला कारभार समाजवादी नगराध्यक्षांच्या हातीं सोंपविला होता, ही गोष्ट त्यास सहसा ठाऊक नसते. हें मत त्या शहरानें कां दिलें, आणि पुढें कां आवरतें घेतलें?

१९१० सालीं मिल्वॉकीची वस्ती ३,७३,८५७ होती. बीअर गाळणें, कातडीं कमावणें, यंत्रें घडविणें हे तेथील मुख्य धंदे. उत्तरेकडे जर्मन, दक्षिणेकडे पोलिश आणि मध्यें मेनॉमिनी नदीचें कारखान्यांनीं भरलेलें खोरें, अशी शहराची रचना होती. १८४८ ची क्रांति फसल्यावर मायदेश सोडून आलेल्या जर्मनांनीं आपल्या व्यायामशाळा, गायनमंडळ्या आणि वृत्तपत्रें बरोबर आणलीं होतीं. समाजवादाचें बीज पडलें तें या भूमींत. पोलिश मजूर तितकेच गरीब. परंतु कॅथॉलिक धर्मगुरूंचा समाजवादास विरोध असल्यामुळें त्यांचा ओढा पुष्कळसा डेमॉक्रॅटिक पक्षाकडे राही. वेतन एक, पण मत दोन! मनुष्य केवळ खिशाकडे पाहून मत देतो असें मानणाऱ्या पंडितांनीं या खोऱ्याचे दोन्ही तीर एकदां पाहावयास हवे होते.

तथापि केवळ जर्मन मतांवर शहर जिंकणें शक्य नव्हतें. जुन्या पक्षांच्या कारभारांतील लांचलुचपतीस लोक विटले होते. समाजवादी स्वयंसेवक रविवारीं सकाळीं घरोघर पत्रकें टाकीत, आणि तींही ज्या घरची जी भाषा त्या भाषेंत. १९१० सालीं लांकडी सांचे करणारा एमिल सायडेल नावाचा कारागीर नगराध्यक्ष झाला; कवि कार्ल सँडबर्ग त्याचा चिटणीस होता. १९१२ सालीं मात्र परस्परांचे हाडवैरी असे दोन्ही जुने पक्ष एक झाले. सायडेलचीं मतें पूर्वीपेक्षां वाढलीं, पण जागा गेली! तिरंगी सामन्याचा लाभ पुन्हां मिळूं नये म्हणून संस्थानच्या विधिमंडळानें नगराच्या निवडणुका पक्षनिरपेक्ष करून टाकल्या. तरीहि १९१६ सालीं डॅनियल होन निवडून आला आणि चोवीस वर्षें टिकला. नगरसभेंत त्याच्या पक्षास बहुमत क्वचितच लाभलें. म्हणजे हीं मतें सिद्धांतापेक्षां माणसाच्या सचोटीस अधिक होतीं. न्यूयॉर्कचे पंथबंधु या मंडळींस उपहासानें ‘गटारी समाजवादी’ म्हणत. मिल्वॉकीकरांस त्याचें वैषम्य वाटलें नाहीं. जोन्स बेटावर मैलाशुद्धीचा कारखाना उभा राहिला आणि १९२६ पासून तेथील गाळाचें खत ‘मिलॉर्गनाइट’ या नांवानें विकलें जाऊं लागलें. क्रांतीची वाट पाहत असतां गटारें बांधण्यास हरकत कोणती?

पहिल्या महायुद्धानें या मतदारांची खरी परीक्षा पाहिली. युद्धास विरोध करणारा व्हिक्टर बर्गर १९१८ सालीं काँग्रेसवर निवडून आला. त्यास वीस वर्षांची शिक्षा झाली व सभागृहानें त्याची जागा नाकारली. १९१९ च्या डिसेंबरांत फेरनिवडणूक झाली, तेव्हां लोकांनीं पूर्वीपेक्षां अधिक मतें देऊन पुन्हां त्यासच पाठविलें! सभागृहानें पुन्हां नाकारलें. १९२१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ती शिक्षा रद्द केली. जर्मन नांव उच्चारणेंही संशयास्पद ठरलेल्या त्या दिवसांत दिलेलें हें मत मला त्या शहराच्या इतिहासांतील सर्वांत धीराचें कृत्य वाटतें. पण याच बर्गरनें काळ्या लोकांना हीन लेखणारें लिखाण केलें होतें, हेंही सांगितलें पाहिजे. कारण पुढील पेंच तेथेंच होता.

१९४८ सालीं निवडून आलेला फ्रँक झाइडलर हा शेवटचा समाजवादी नगराध्यक्ष. दुसऱ्या महायुद्धानंतर दक्षिणेकडील संस्थानांतून काळे मजूर मोठ्या संख्येनें येऊं लागले होते. झाइडलर त्यांच्या घरांच्या प्रश्नाविषयीं सहानुभूति बाळगी; म्हणून १९५६ च्या निवडणुकींत, त्यानें दक्षिणेंत फलक लावून काळ्यांना बोलाविलें आहे, अशी अफवा उठविण्यांत आली. तो जिंकला, पण १९६० सालीं उभा राहिला नाहीं. १९६४ सालीं वर्णभेदाचा पुरस्कर्ता जॉर्ज वॉलेस याचें दक्षिण भागांतील गोऱ्या श्रमिकांनीं टाळ्यांच्या गजरांत स्वागत केलें. १९६७ सालीं फादर ग्रॉपी यांच्या नेतृत्वाखालीं, कोणासही कोठेंही घर घेतां यावें या मागणीसाठीं, सोळाव्या रस्त्याच्या पुलावरून मिरवणुका दक्षिणेकडे निघाल्या. समोरून दगडबाटल्या आल्या. हें सर्व त्याच खोऱ्यावर.

पुष्कळ गोरीं कुटुंबें उपनगरांत गेलीं. १९६० सालीं ७,४१,३२४ असलेली वस्ती २०२० सालीं ५,७७,२२२ वर आली. त्या वर्षीं शहरानें चारपैकीं तिहींहून अधिक मतें डेमॉक्रॅटिक उमेदवारास दिलीं, तर वॉकेशासारख्या शेजारच्या परगण्यांनीं रिपब्लिकनांस बहुमत दिलें. संस्थानचा निकाल २०१६ सालीं तेवीस हजारांहून कमी मतांनीं लागला होता. आणि त्या वर्षीं शहरांत २०१२ च्या मानानें सुमारें एकेचाळीस हजार मतें कमी पडलीं. त्यांत काळ्या वस्तीचा वांटा मोठा होता. ज्यांच्या आजोबांनीं तो पूल पायीं ओलांडला, त्यांच्यापैकीं कित्येक जण त्या मंगळवारीं घरींच बसून राहिले.