कुक्कुटपालकांचें मैत्र



विरार स्टेशनावर उतरून पूर्वेस पाहिलें तर जीवदानीचा डोंगर समोर उभा दिसतो. पश्चिमेस वळलें तर अर्नाळ्याच्या समुद्रापर्यंत जुन्या वाड्यांचा मुलूख लागतो. ह्या चार कोसांच्या पट्ट्यांत मराठी एक असली तरी तिचे सूर अनेक आहेत. डोंगराकडील वारल्यांची बोली निराळी, वाडवळांची निराळी. कुपारी ख्रिस्ती मंडळींची सामवेदी बोली घाटावरच्या माणसास प्रथम कळतहि नाहीं. आणि किनाऱ्यावरील कोळ्यांचा हेल तर आणखी वेगळा. परंतु ह्यांपैकीं बहुतेकांच्या अंगणांत एक प्राणी पिढ्यान् पिढ्या सारखाच वावरत आला आहे. तो म्हणजे कोंबडी.

चांगल्या वाणाचीं अंडीं शेजारणीकडून मागून आणावीं आणि आपल्या खुडूक कोंबडीखालीं ठेवावीं, हा व्यवहार कोंकणांतील घरांना नवा नाहीं. वरवर पाहतां गोष्ट क्षुल्लक आहे. पण अंडें ताजें आहे कीं शिळें, कोंबडा जातिवंत होता कीं नव्हता, हें कवच पाहून कळत नाहीं. देणाराच्या शब्दावर विसंबून एकवीस दिवस वाट पाहावी लागते. देणाराची बोली आपणांस अर्धीमुर्धीच समजत असेल तर हा विश्वास अधिकच मोलाचा ठरतो. कोंबड्या पाळणाऱ्या माणसांमधील ह्या विश्वासाचा थोडासा इतिहास मीं आज सांगावयाचें योजिलें आहे.

प्रथम आपण जरा दूर, इंग्लंडांत जाऊं. १८५५ च्या सुमारास चार्ल्स डार्विन ह्यानें पाळींव पक्ष्यांच्या जातींचा अभ्यास हातीं घेतला. डार्विन सुखवस्तु घराण्यांतला, केंब्रिजला शिकलेला. तरीहि लंडनमधील कबुतरें पाळणाऱ्यांच्या दोन मंडळांचा तो सभासद झाला, आणि दारूच्या गुत्त्यांतील त्यांच्या मेळाव्यांत बसून त्यांचे वाद ऐकण्यांत त्याला कमीपणा वाटला नाहीं. कोंबड्यांच्या बाबतींत त्याचा मोठा आधार होता तो जर्मन वंशाच्या विल्यम टेगेटमायर ह्याचा. कलकत्त्याहून एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचा एडवर्ड ब्लाइथ त्याला पत्रांतून माहिती पुरवी. सर वॉल्टर इलियट ह्यानें हिंदुस्थानांतून पक्ष्यांचीं कातडीं धाडलीं. हा इलियट आपल्या शेजारच्या मुलुखाशीं चांगलाच परिचित होता. १८२४ मध्यें कित्तूरच्या उठावांत तो कैदी म्हणून सांपडला होता आणि पुढें दक्षिण मराठा मुलुखांतील सस्तन प्राण्यांची यादी त्यानें १८३९ मध्यें प्रसिद्ध केली होती.

ह्या देवघेवीवर उभारलेला डार्विनचा मोठा ग्रंथ १८६८ मध्यें बाहेर पडला. जगांतील सगळ्या पाळींव कोंबड्या एकाच तांबड्या रानकोंबड्यापासून उपजल्या, असा निष्कर्ष त्यानें त्यांत काढला. तो बव्हंशीं खरा ठरला, परंतु पुरता नव्हे. २००८ मध्यें शास्त्रज्ञांनीं दाखवून दिलें कीं, पाळींव कोंबडीचे पाय व कातडी ज्या गुणामुळें पिवळी होते, तो गुण तांबड्या रानकोंबड्याचा नसून करड्या रानकोंबड्याचा आहे. हा करडा रानकोंबडा म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या रानांत पहाटे आरवणारा पक्षी! इटलींतील लिव्होर्नो बंदरावरून जिचें नांव पडलें त्या लेगहॉर्न कोंबडीच्या पिवळ्या पायांतहि आपल्या दख्खनच्या रानाचा अंश आहे. म्हणजे दोन निराळ्या रानांचें रक्त एकत्र येऊनच आजची कोंबडी घडली. मग तिच्या पालकांनींच आपापल्या कुंपणांत कां राहावें?

वाणाची देवघेव त्या मानानें सोपी. भावाची खरी गोष्ट दुसऱ्या पालकास सांगणें हें फार कठीण, आणि ह्या कसोटीचा प्रसंग आपल्याच देशांत आला.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत कोंबडी अंगणांतून निघून मोठमोठ्या शेडींत आली. गांवठी कोंबडी वर्षाकांठीं साठसत्तर अंडीं घालते, तर सुधारलेल्या संकरित वाणाची कोंबडी तीनशेंचा आंकडा गांठते. पुण्याभोंवतालच्या माळरानांवर, हैदराबादेच्या खडकाळ पठारावर, विजयवाड्याकडील भातखाचरांच्या कडेनें, तमिळ मुलुखांत नामक्कलच्या कोरड्या जमिनीवर आणि हरियाणांत बरवाल्याच्या गव्हाच्या शेतांशेजारीं हा धंदा वाढला. धंदा एक, पण माणसें एकमेकांस अनोळखी. एकाला दुसऱ्याची भाषा येत नाहीं, दुसऱ्याला पहिल्याचा गांव ठाऊक नाहीं.

अंडें हा नाशवंत माल आहे. भाव पडला म्हणून कोंबडी अंडें घालावयाची थांबत नाहीं, आणि तिचा रोजचा दाणाहि चुकवितां येत नाहीं. त्यामुळें विकणारा नेहमींच घाईस आलेला असे. अशा वेळीं पुण्याच्या पालकास कोणी सांगितलें कीं हैदराबादेचा माल स्वस्त आला आहे, आणि हैदराबादेच्या पालकास सांगितलें कीं पुण्याचा भाव उतरला आहे, तर दोघेहि मुकाट्यानें भाव पाडीत. ती बातमी खरी कीं खोटी, हें पाहण्याचा मार्ग एकच होता, व तो म्हणजे पुणेकरानें हैदराबादकरास विचारणें. तेवढी ओळखच नव्हती. ह्या अनोळखीपणाची किंमत दोघेहि रोज मोजीत होते. १९८०-८१ च्या सुमारास उत्पादनाचा खर्चहि भरून निघेना आणि अनेकांवर शेडी बंद करण्याची पाळी आली.

ह्या वेळीं पुढें आले ते डॉ. बी. व्ही. राव. ते मूळचे हैदराबादेकडचे. १९७१ मध्यें त्यांनीं व्यंकटेश्वरा हॅचरीज हा उद्योग उभारला होता आणि पुणें हें आपलें मुख्य ठाणें केलें होतें. तेलुगू वळणाचा हा मनुष्य प्रांतोप्रांतीं हिंडला आणि ठिकठिकाणीं कुक्कुटपालकांच्या बैठकी त्यानें घेतल्या. अशा बैठकींची संख्या तीनशेंच्या वर गेली, असें समितीच्या वृत्तांतांत नमूद आहे. सांगणें एकच होतें : आपल्या अंड्याचा भाव आपण सांगावा, आणि एकमेकांस खरा सांगावा. ह्या खटपटींतून १९८२ मध्यें ‘नॅशनल एग कोऑर्डिनेशन कमिटी’ स्थापन झाली. तिचें मुख्य कार्यालय पुण्यासच आहे. ठिकठिकाणचे पालक आपल्या विभागांतील आवक व मागणी पाहतात आणि मग प्रत्येक केंद्राचा दर जाहीर होतो. सभासद होणें ऐच्छिक असूनहि पंचवीस हजारांहून अधिक पालक तिच्यांत सामील झाले. सरकारनें १९९० मध्यें रावांना पद्मश्री देऊन गौरविलें. १९९६ मध्यें ते निवर्तले.

येथें शहरांतील एखादी गृहिणी विचारील कीं, विकणाऱ्यांचें हें मैत्र विकत घेणाऱ्यांच्या मुळावर तर येत नाहीं ना? प्रश्न अगदीं रास्त आहे. समितीचा दर हा सुचविलेला दर असतो. त्यामागें कायद्याची सक्ती नाहीं. शिवाय तो उघड जाहीर होत असल्यामुळें घेणारासहि कळतो. तथापि भाव सांगणारीं माणसें एकत्र आलीं म्हणजे त्यांच्यावर नजर ठेवणें हें समाजाचें काम उरतेंच. मित्रांनीं एकमेकांशीं खरें बोलावें हें पुरेसें नाहीं; तिऱ्हाइताशींहि त्यांनीं खरेंच बोललें पाहिजे. दुसऱ्या बाजूनें हेंहि ध्यानांत ठेवावें कीं, पालक बुडाला तर आज स्वस्त मिळणारें अंडें उद्यां बाजारांत दिसणारच नाहीं.

आतां पुन्हा विरारकडे वळूं. रोज जाहीर होणाऱ्या दरांच्या यादींत मुंबई असते, पुणें असतें, नामक्कल आणि बरवालाहि असतात. डोंगराकडून टोपलींत दहाबारा गांवठी अंडीं घेऊन बाजारांत येणाऱ्या बाईचें खुराडें मात्र कोणत्याच यादींत नसतें. तिच्यासाठीं समिती नाहीं आणि दूरचा मित्रहि नाहीं. आज गांवठी अंड्याला काय भाव आहे, हें तिला शेजारीं बसलेली दुसरी बाईच सांगणार. ती कदाचित् किनाऱ्याकडची असेल, तिचा हेल निराळा असेल, आणि तिच्या टोपलींतहि अंडींच असतील. तिनें खरा भाव सांगितला तर दोघींचाहि माल योग्य किंमतीस जाईल; खोटा सांगितला तर एकीचा आज जाईल आणि दुसरीचा पडून राहील. जो प्रश्न १९८२ मध्यें पुणें आणि हैदराबाद ह्यांच्यापुढें होता, तोच त्या दोघींपुढें रोज सकाळीं असतो. आणि तो सोडवावयाला त्यांच्यापाशीं एकमेकींच्या शब्दावांचून दुसरें साधन नाहीं.