बंदर गेलं कधी?

आजोबांच्या गोष्टींतलं वेंगुर्ला मुंबईएवढं मोठं असायचं. "आगबोटीचो भोंगो वाजलो काय अर्धो गाव बंदरार," असं ते सांगत. आगबोट धक्क्याला लागत नसे, ती खोल पाण्यात उभी राही. माणसं, फणस, काजूच्या गोणी, मुंबईच्या गिरणीत निघालेली पोरं, सगळं पडावात भरून तिच्यापर्यंत न्यायचं. पडाव लाटेवर वर आला की तेवढ्यात शिडी पकडायची. आजोबांचा अंदाज चुकला आणि एक चप्पल दर्यात गेली. गोष्ट इथे आली की आजी आतून हमखास विचारायची, "तुमच्याकडे तेवा चपला होती खंय?"

आगबोट बंद झाली, 'बंदर गेला' आणि गाव बसलं, हा आजोबांचा इतिहास. पुढे मी जुनी वर्षं जुळवत बसलो तेव्हा तो डळमळला.

1812 साली सावंतवाडीकरांकडून वेंगुर्ला इंग्रजांकडे गेलं. बेळगावच्या छावणीचा आणि घाटावरच्या मालाचा हाच दरवाजा होता. घाट उतरून आलेल्या बैलगाड्या इथे रिकाम्या होत आणि मीठ, नारळ भरून परत चढत. या भरभराटीच्या दिवसांत, 1876 साली, इथे नगरपालिका आली. आजही शहराची वस्ती बारा हजारांच्या आसपास आहे. एवढ्याशा गावाला इतक्या लवकर नगरपालिका मिळाली ती बंदरामुळेच, असं माझं मत. आणि जेमतेम बारा वर्षांनी, 1888 साली, मुरगाव बंदरापर्यंत रेल्वे झाली. घाटावरचा माल गाडीत बसून गोव्याकडे वळला. म्हणजे बंदर गेलं ते आजोबांच्या जन्माआधीच. त्यांनी पाहिली ती विझत्या चुलीची धग.

हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. भोंगा त्यांनी ऐकला होता, मी नाही.

बंदर गेल्यावर गावाला पोसलं ते काजूने. पोर्तुगिजांनी ब्राझीलहून आणलेलं हे झाड आमच्या कातळावर असं काही रुजलं की ते परकं आहे हे आम्ही विसरूनच गेलो. 1957 साली इथे फळ संशोधन केंद्र निघालं आणि 'वेंगुर्ला-4', 'वेंगुर्ला-7' ही कलमं गावाचं नाव घेऊन कोकणभर गेली. आजी काजूच्या कारखान्यात बिया फोडायला जायची. सालीतलं तेल कातडी जाळतं, म्हणून बोटांना राख चोळून बसायचं. तरी तिची बोटं कायम काळी. गोष्टी सांगण्याचा मान आजोबांचा, पण घर चाललं ते त्या बोटांवर.

अलीकडे गावाचं नाव झालं ते कचऱ्यामुळे. घराघरांतून तो वेगवेगळा करून घ्यायचा, ओल्याचं खत आणि गॅस करायचा, प्लास्टिक रस्त्याच्या डांबरात घालायचं. जिथे नाक दाबून जावं लागे ती जागा बाग होऊन 'स्वच्छ भारत पर्यटनस्थळ' झाली. कचरा बघायला पाहुणे येतात हे आजोबांना पटलंच नसतं!

आणि गावातली पडकी वखार? सतराव्या शतकात वलंदेजांनी, म्हणजे डचांनी, बांधलेली. गोव्याच्या पोर्तुगिजांची कोंडी करायची, तर त्यांच्या उशाशीच ठाण मांडून बसायला हवं, हा डचांचा हिशेब. लहानपणी आम्ही तिथे लपाछपी खेळायचो. छप्पर तेव्हाही नव्हतं, आणि भिंतीतल्या मुळ्या माझ्या मनगटाएवढ्या होत्या. आता त्या मांडीएवढ्या असतील. कचऱ्याचा कण न् कण निवडणाऱ्या गावाला त्या मुळ्या काढणं अवघड नाही. येत्या पावसाआधी तेवढं कराच.