देवी कुणाची, यावरून देवी कोण

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरातल्या ११व्या शतकाच्या आरंभीच्या शिलालेखांत राजराज चोळाची थोरली बहीण कुंदवै हिनं अर्पण केलेल्या धातुमूर्तींची नोंद आहे. त्यांत उमापरमेश्वरी दोनदा येते: एकदा नृत्यरत शिवाची, आडवल्लानची, पत्नी म्हणून आणि एकदा दक्षिणमेरु विटंकर या शिवरूपाची पत्नी म्हणून. चोळकालीन देवीच्या ओळखीचं मूळ इथं सापडतं. देवी कोण, हे तिच्या शेजारी कोण उभं आहे यावरून ठरत असे.

या उत्सवमूर्ती. गाभाऱ्यातला देव हलत नाही, म्हणून मिरवणुकीसाठी धातूचा देव घडवला गेला. बैठकीला दांडे आणि दोर अडकवायला कड्या किंवा भोकं ठेवली. मेणाची मूर्ती करायची, तिच्यावर मातीचे थर द्यायचे, तापवून मेण काढायचं आणि त्या पोकळीत धातूचा रस ओतायचा. ही रीत कल्याणीच्या चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वरानं १२व्या शतकात ‘मानसोल्लासा’त लिहून ठेवली. साचा फोडूनच मूर्ती बाहेर येते, त्यामुळे प्रत्येक मूर्ती एकुलती एक.

तरीही या देव्या एकमेकींसारख्या दिसतात. दोन हात, करंड्याच्या आकाराचा करंडमुकुट, कमरेत तोच बाक. एक हात सैल सोडलेला, तो लोलहस्त. दुसऱ्याची बोटं फूल धरल्यासारखी वळलेली, तो कटकहस्त. त्यात ताजं फूल खोवता येतं. मग फरक कुठं? विष्णूच्या उजवीकडे श्रीदेवी. तिचा डावा हात फुलाचा आणि छातीवर कुचबंध, म्हणजे एक अरुंद पट्टी. डावीकडे भूदेवी. तिचा उजवा हात फुलाचा आणि कुचबंध नाही. शिवाच्या डावीकडे उभ्या पार्वतीचंही नेमकं असंच! म्हणजे श्रीदेवी एकटी सापडली तरी ओळखू येते, पण भूदेवी आणि पार्वती जोडीदारापासून तुटल्या की भल्याभल्यांना कोड्यात टाकतात.

मंदिरात हा प्रश्न कधी पडलाच नाही. तिथं मूर्तीला वस्त्र नेसवतात, कुचबंध त्याखाली झाकला जातो आणि पुजाऱ्याला देवी ठाऊक असतेच. प्रश्न उभा राहिला तो जोड्या फुटल्यावर. १४व्या शतकाच्या आरंभी दिल्लीच्या सुलतानाचा सेनापती मलिक काफूर याच्या स्वाऱ्या झाल्या. त्या आणि पुढच्या धामधुमीत असंख्य मूर्ती जमिनीत पुरल्या गेल्या. पुढं त्या नांगराला, कुदळीला लागल्या, संग्रहालयांत गेल्या, चोरीलाही गेल्या. टी. ए. गोपीनाथ राव यांनी १९१४ ते १९१६ दरम्यान आगम या पूजाशास्त्राच्या ग्रंथांतली मूर्तिलक्षणं एकत्र करून छापली, तेव्हा अशा निराधार मूर्तींना पुन्हा नाव देण्याचा भक्कम आधार मिळाला.

पण माझ्या मते लक्षणांच्या यादीहून मोलाची असते ती सापडल्या जागेची नोंद. तिरुवेंगाडूचा वृषभवाहन शिव १०११चा आणि त्याची देवी १०१२ची, हे तिथल्या शिलालेखांवरून कळतं. शिवाचा हात ज्याच्यावर टेकायचा तो नंदी आज नाही, पण देवी शेजारीच आहे. तंजावरच्या मराठा राजवाड्यातल्या कलादालनात ही जोडी पाहताना तिच्या नावाबद्दल कुणी वाद घालत नाही. उलट वॉशिंग्टनच्या फ्रीअर संग्रहालयानं १९२९मध्ये घेतलेली देखणी चोळ मूर्ती एकटी आहे. ती पार्वती, की पार्वतीच्या रूपातली राणी सेंबियन महादेवी, यावर अभ्यासकांचं एकमत नाही.