चारबावडीची बाबाजान

पुणे कॅम्पातील चारबावडी भागात, रस्त्याला लागूनच एक दर्गा आहे. नाव 'हजरत बाबाजान'. नाव ऐकून नवख्या माणसाला वाटते, कोणी पीरबाबा असतील. पण ही मजार एका स्त्रीची आहे. आयुष्याची अखेरची वर्षे तिने या ठिकाणी एका कडुनिंबाखाली उघड्यावर काढली.

बाबाजान यांचे पाळण्यातले नाव गुलरुख होते, असे सांगतात. घराणे सरहद्दीपलीकडचे, अफगाण-बलुची मुलखातले, खानदानी आणि कडक पडद्याचे. लहानपणीच कुरआन हिफ्ज झाले. वयाच्या 18 व्या वर्षी घरच्यांनी निकाह ठरवला, तेव्हा ती घर सोडून निघाली. पेशावर, मग रावळपिंडी. तिथे एका हिंदू गुरूच्या सांगण्यावरून तिने डोंगरात सतरा महिने एकांतवास केला. पुढे मुलतानला मुसलमान मुर्शिद भेटले. मर्दानी वेशात तिने मक्केची वाट धरली, असेही म्हणतात. यातले इतिहास किती आणि अकीदत किती, हे वेगळे करणे अवघड आहे. वयाचेच पाहा. भक्त सव्वाशेच्या पुढे नेतात. पॉल ब्रंटन या इंग्रज लेखकाला मात्र एका जाणकाराने ते 95 च्या आसपास असल्याचे सांगितले होते.

पुण्यात त्या साधारण 1905 च्या सुमारास आल्या आणि इथून हकिकतीला भक्कम जमीन मिळते. कारण आता पाहणारे डोळे शेकडो होते. चारबावडी तेव्हा ओसाड होती. डास, घाण, रात्री चोराचिलटांचा वावर. ऊन, पाऊस, थंडी बाबाजाननी त्या झाडाखालीच काढली. कोणी किमती शाल आणून पांघरली, तर रात्री चोर ती ओढून नेई. एकदा शालीचा काठ अंगाखाली अडकला, तेव्हा बाबाजाननी कूस बदलून चोराचे काम सोपे केले, ही आठवण आजही सांगितली जाते. नजराणा आला की तो वाटून मोकळ्या. आल्या-गेल्याला चहा मात्र हमखास. हळूहळू आसपास चहाची दुकाने थाटली, कव्वालीच्या मैफली झडू लागल्या, वस्ती वाढली. छावणीतले पठाण आणि बलुची शिपाई सलामाला येत. रस्त्यावरच्या या गर्दीने कँटोन्मेंटचे अधिकारी आधी वैतागले. पुढे त्यांनीच निवारा बांधून दिला. तो झाडापासून थोडा दूर होता, म्हणून बाबाजान तिथे जाईनात. छप्पर झाडापर्यंत वाढवले तेव्हाच त्या मानल्या, असे सांगतात.

1913 च्या मे महिन्यात डेक्कन कॉलेजात शिकणारा एक इराणी पारशी तरुण, मेरवान, सायकलवरून त्या झाडाजवळून जात होता. बाबाजाननी त्याला खुणेने बोलावले. तो रोज येऊन बसू लागला. जानेवारी 1914 मध्ये त्यांनी त्याच्या कपाळाचे चुंबन घेतले आणि त्याची शुद्ध हरपली. हाच पुढे मेहेरबाबा म्हणून जगभर ओळखला गेला. 21 सप्टेंबर 1931 रोजी बाबाजान पडदा करून गेल्या, तेव्हा जनाज्याला मुसलमानांबरोबर हिंदू आणि पारशीही लोटले. दफन त्याच कडुनिंबापाशी झाले.

आम्हाला एक गोष्ट नेहमी विचारात पाडते. कोणी 'माई' म्हटले की बाबाजान रागावत; आपण मर्द आहोत, असे ठणकावत. सूफींच्या बोलीत दुनियेचा तालिब मर्द नव्हे, मौलाचा तालिब तोच मर्द. त्या अर्थाने हे बोलणे चोख आहे. पण आम्ही त्याचा सोयीचा अर्थ काढला. वली झालेली बाई 'बाबा' ठरली की बाकीच्या बायांचा प्रश्नच उरत नाही. दिल्लीच्या बीबी फातिमा साम यांच्याविषयी बोलताना हजरत निजामुद्दीन औलिया म्हणाले होते की, जंगलातून सिंह बाहेर आला तर तो नर की मादी हे कोणी विचारत नाही. सातशे वर्षांपूर्वीची ही नजर. आणि आमच्या काळात, 2012 मध्ये मुंबईच्या हाजी अली दर्ग्यात बायांना मजारीपर्यंत जाण्यास मनाई असल्याचे उघड झाले. ती उठवायला 2016 साल आणि उच्च न्यायालयाचा निकाल लागला. बंदीचे समर्थन करणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल की, पुण्यात एका बाईच्या मजारीपुढे मर्द वर्षानुवर्षे मान झुकवत आले आहेत?

बाबाजान यांनी काही लिहून ठेवले नाही, गादी चालवली नाही, खलिफा नेमला नाही. त्यांच्याविषयी जे छापले गेले ते बहुतांशी मेहेरबाबांच्या शिष्यवर्तुळातून आणि इंग्रजीतून. डॉ. अब्दुल गनी मुन्सिफ यांच्यासारखा एखादा मुसलमान लेखक त्यात दिसतो, पण तोही त्याच वर्तुळातला. मराठीत बोलणाऱ्या, मराठीत लिहिणाऱ्या आम्ही मुसलमानांनी काय केले? चादर चढवली, फातेहा पढली आणि घरी आलो. अकीदत आपल्या जागी असू द्या. पण ज्या बाईने निकाहाच्या मांडवातून निघून आपली वाट स्वतः निवडली, तिची हकिकत आमच्या मुलींना आमच्याच तोंडून ऐकायला मिळाली पाहिजे. तीही तिला बाई मानून.