पहिल्या क्रमांकाचा मार्ग : तोकाइदो ते जपानचा राष्ट्रीय महामार्ग १

टोकियोतील निहोनबाशी पुलापासून निघून योकोहामा, ओदावारा, शिझुओका, हामामात्सु, नागोया, योक्काइची व क्योतो या नगरांवरून ओसाकापर्यंत जाणारा मार्ग जपानमध्ये राष्ट्रीय महामार्ग १ म्हणून ओळखला जातो. त्याची लांबी साडेपाचशे किलोमीटरांहून अधिक आहे. जुन्या तोकाइदोचा, म्हणजे 'पूर्वसमुद्रमार्गा'चा, तो वारस होय असे सामान्यतः सांगितले जाते. भूगोलाच्या दृष्टीने हे विधान स्थूलमानाने खरे आहे. इतिहासाच्या दृष्टीने मात्र ते अपुरे आहे. रस्त्याची रेषा टिकली म्हणून रस्त्याचा हेतू टिकला असे होत नाही. या मार्गाचा विचार करताना दोन प्रश्न वेगळे ठेवणे अवश्य आहे. राज्यसत्तेने आपल्या पहिल्या मार्गाचे टोक कोठे मानले, हा पहिला. आणि वाटेतील नद्या व घाट ओलांडण्याचा भार कोणी वाहिला, हा दुसरा. पहिल्याच्या उत्तरावरून सत्तेचा हेतू कळतो, तर दुसऱ्याच्या उत्तरावरून त्या हेतूची किंमत.

सेकिगाहाराची लढाई १६०० साली जिंकल्यानंतर तोकुगावा इएयासु याने दुसऱ्याच वर्षी तोकाइदोवर टप्प्यांची व्यवस्था लावून दिली. प्रत्येक टप्प्याने सरकारी कामासाठी ३६ घोडे सज्ज ठेवावेत, असा दंडक होता; पुढे तो १०० माणसे व १०० घोडे इतका वाढविण्यात आला. एदो, म्हणजे आजचे टोकियो, व क्योतो यांमधील ५३ टप्प्यांची मालिका १६२४ साली पुरी झाली. शोगुनाची राजधानी व सम्राटाचे नगर यांना जोडणाऱ्या या सुमारे ४९० किलोमीटरांच्या मार्गावर शोगुनाचाच अंमल होता. सरंजामदारांनी आळीपाळीने एदो येथे राहावे आणि त्यांच्या कुटुंबीयांनी तेथेच कायम वास्तव्य करावे, हा नियम १६३५ साली पक्का झाल्यावर सुमारे दीडशे सरंजामदारांचे लवाजमे याच मार्गाने ये-जा करू लागले.

राज्याच्या या प्रमुख मार्गावर प्रवास सुकर व्हावा, हा शोगुनशाहीचा एकमेव हेतू नव्हता. किंबहुना तो मुख्यही नव्हता. हाकोने व आराई येथील चौक्यांवर दस्तके तपासली जात. एदोकडे जाणाऱ्या बंदुका आणि एदोबाहेर पडणाऱ्या स्त्रिया यांवर विशेष नजर असे. सरंजामदारांच्या स्त्रिया वस्तुतः ओलीस होत्या. त्या निसटल्या तर बंडाची शंका घेण्यास जागा होती. चाकांच्या वाहनांना मार्गावर सामान्यतः मज्जाव असे. ओत्सु व क्योतो यांच्या दरम्यान दगडी चाकोऱ्यांवरून चालणाऱ्या बैलगाड्या हा त्याला ठळक अपवाद होता.

नद्यांच्या बाबतीत अधिक सावधपणे बोलावे लागते. शिमादा व कानाया या टप्प्यांमधील ओई नदीवर पूल नव्हता आणि नावही नव्हती. प्रवाशाला हमालाच्या खांद्यावर बसून किंवा हमालांनी उचललेल्या चौकटीवरून पलीकडे जावे लागे. पाणी मांडीपर्यंत आहे की छातीपर्यंत, यावर मजुरी ठरे आणि पूर आला की दिवसेंदिवस खोळंबा होई. एदोच्या संरक्षणासाठी पूल बांधू दिला नाही, हे त्याचे परंपरागत स्पष्टीकरण आहे. परंतु तोकाइदोवर सर्वत्र पूलबंदी होती असे नव्हे. योशिदा, ओकाझाकी व सेता येथे मोठे पूल होते. फुजी व तेन्र्यु या नद्यांवर नावा चालत. म्हणून ओई नदीचा प्रचंड वेग, तत्कालीन बांधकामाच्या मर्यादा आणि दोन्ही तीरांवरील वस्त्यांचे हितसंबंध ही कारणेही लष्करी हेतूच्या जोडीने विचारात घेतली पाहिजेत. एकदा उभी राहिलेली अडचण अनेकांच्या उपजीविकेचे साधन बनते आणि मग ती टिकवून धरणारेही निर्माण होतात. मिया व कुवाना यांमधील अंतर तर जमिनीवरून नव्हे, समुद्रातून सात री, म्हणजे सुमारे २७ किलोमीटर, नावेने काटावे लागे.

या व्यवस्थेचा भार टप्प्यावरील वस्तीला एकटीने पेलणे शक्य नव्हते. म्हणून आसपासच्या खेड्यांवर माणसे व घोडे पुरविण्याची सक्ती आली. 'सुकेगो' नावाची ही पद्धत १६९४ साली नियमबद्ध झाली. तिचे स्वरूप वेठीचेच होते. मोबदला अपुरा मिळे आणि पेरणी-कापणीच्या दिवसांतही बोलावणे येई. शेजारच्या नाकासेन्दो मार्गावर या ओझ्यात आणखी वाढ होण्याची चिन्हे दिसताच १७६४-६५ मध्ये शेतकऱ्यांचा मोठा उठाव झाला. हिरोशिगेच्या १८३० च्या दशकातील चित्रमालेमुळे तोकाइदो जगाला रमणीय वाटतो. त्या चित्रांत ओझे वाहणारी माणसेही आहेत, हे विसरता कामा नये.

शोगुनशाही १८६८ साली संपुष्टात आली. पुढच्याच वर्षी चौक्या उठल्या आणि १८७२ पर्यंत टप्प्यांची सक्तीची व्यवस्थाही मोडीत निघाली. ओई नदीवर १८७० साली नावा सुरू झाल्या आणि नदी पार करून देणारे हमाल एकाएकी बेकार झाले. त्यांच्यापैकी काहींनी जवळच्या माकिनोहारा पठारावर चहाची लागवड केली. तोकुगावांच्या पदरी असलेले माजी सेवक तेथे आधीच या उद्योगाला लागले होते. शिझुओकाच्या प्रसिद्ध चहामळ्यांच्या मुळाशी अशा रीतीने एका मोडलेल्या व्यवस्थेतील माणसांचे श्रम आहेत. मार्ग खुला झाल्याचा लाभ सर्वांना झाला. त्याची किंमत मात्र प्रथम या थोड्यांनी मोजली.

नव्या सरकारने १८८५ साली राष्ट्रीय मार्गांना क्रमांक दिले, तेव्हा पहिला क्रमांक क्योतोकडे जाणाऱ्या मार्गाला मिळाला नाही. तो टोकियो ते योकोहामा या छोट्या मार्गाला मिळाला. ओसाकाकडे जाणारा मार्ग दुसरा ठरला. परदेशी व्यापाराचे बंदर हेच त्या वेळच्या राज्यकर्त्यांच्या दृष्टीने पहिले गंतव्य होते. मात्र पैसा व लक्ष रेल्वेकडे वळले. शिंबाशी ते कोबे हा लोहमार्ग १८८९ साली पूर्ण झाला. नागोयाच्या पश्चिमेस त्याने सुझुका घाट टाळून सेकिगाहाराची वाट धरल्याने घाटाच्या पायथ्याचा सेकी हा टप्पा मागे पडला. परंतु त्यामुळेच तेथील जुनी घरे राहिली आणि १९८४ साली त्या वस्तीला राष्ट्रीय संरक्षण लाभले.

मार्गविषयक कायदा १९१९ साली झाला. तो पुढील वर्षी अमलात येताच पहिल्या क्रमांकाचे टोक पुन्हा बदलले. आता हा मार्ग टोकियोहून इसे येथील महामंदिराकडे जाऊ लागला. प्रांतिक राजधान्या व बंदरे यांच्याबरोबर सैन्याची ठाणीही राष्ट्रीय मार्गांच्या व्याख्येत आली. सम्राटनिष्ठा व लष्कर यांवर उभ्या असलेल्या राज्याचे चित्र त्या कायद्यात स्पष्ट दिसते. कागदावरील हा गौरव प्रत्यक्षात उतरण्यास मात्र वेळ लागला. नागोयाच्या पश्चिमेकडील मोठ्या नद्यांवर ओवारी व इसे हे पूल अनुक्रमे १९३३ व १९३४ साली उभे राहिले आणि मग कुठे जुन्या सागरी टप्प्याच्या जागी अखंड रस्ता आला.

दुसऱ्या महायुद्धानंतर नवा कायदा होऊन डिसेंबर १९५२ मध्ये टोकियो ते ओसाका हा राष्ट्रीय महामार्ग १ ठरला. देवस्थानाची जागा औद्योगिक नगराने घेतली. तथापि १९५६ साली आलेल्या राल्फ वॉटकिन्स यांच्या अमेरिकन अभ्यासगटाने जपानी रस्त्यांची स्थिती औद्योगिक राष्ट्राला अशोभनीय ठरविली. पहिल्या दर्जाच्या महामार्गांचाही सुमारे तीन चतुर्थांश भाग तेव्हा पक्का नव्हता. पेट्रोलवरील कराचे उत्पन्न १९५० च्या दशकात रस्त्यांसाठी राखून ठेवण्यात आले होते; त्याच्या आधारे पुढे हे चित्र पालटले. नागोया व कोबे यांना जोडणारा द्रुतगती मार्ग १९६५ साली आणि टोकियो-नागोया मार्ग १९६९ साली पूर्ण झाल्यावर लांब पल्ल्याची बरीच वाहतूक तिकडे गेली.

क्योतोचा दरबार, योकोहामाचे बंदर, इसेचे मंदिर व ओसाकाचे कारखाने अशी पहिल्या मार्गाची चार टोके साडेतीन शतकांत झाली. प्रत्येक टोक त्या काळच्या सत्तेने स्वतःविषयी केलेले विधान आहे. परंतु केवळ राजाज्ञा व कायदे वाचून मार्गाचा इतिहास लिहिला, तर ओई नदीच्या पात्रातील हमाल व सुकेगोच्या वेठीला लागलेला शेतकरी त्यातून निसटतात. आज हा महामार्ग हाकोने येथे ८७४ मीटर उंचीवरून जातो आणि वाहनांना तेथे कोणी दस्तक विचारीत नाही. ही मोकळीक मार्गाला जन्मतः लाभलेली नव्हती. ती मिळण्यास राज्यक्रांती, कायदे व पूल लागले, तसेच अनेक पिढ्यांचे श्रमही लागले.