मारलवाईचे गुरुजी

नोकरीसाठी माणूस निवडताना परीक्षकाचे मन बहुधा आपल्यासारखे बोलणाऱ्या, आपल्यासारखे शिकलेल्या उमेदवाराकडे झुकते. त्यात दुष्टावा असतोच असे नव्हे. पण ज्याच्यासाठी माणूस नेमावयाचा, त्याची गरज मात्र विसरली जाते. आदिलाबाद जिल्ह्यातील गोंड मुलांसाठी शिक्षक नेमताना हा प्रश्न उभा राहिला.

निजामी राजवटीत राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. चार ओळी शुद्ध उर्दू बोलू न शकणारा गोंड तरुण कचेरीत अडाणी ठरावा, यात नवल नव्हते. साहेबाला गोंडी येत नाही, याला मात्र कोणी अडाणीपणा म्हटले नाही!

1940 साली जोडेघाट येथे कुमराम भीम पोलिसांच्या गोळीबारात ठार झाले. उठावाचे मूळ जमिनीच्या दुःखात होते. पुढे निजाम सरकारने क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाकडे त्या प्रदेशाच्या पाहणीचे काम सोपविले. त्यांच्या सूचनेवरून 1943 साली मारलवाई या गावी गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण केंद्र निघाले. प्रमाणपत्राची नेहमीची कसोटी लावली असती, तर गोंडांपैकी क्वचितच कोणी त्या दारातून आत आला असता. म्हणून कसोटीच बदलण्यात आली. थोडीफार अक्षरओळख असलेले गोंड तरुण घेऊन त्यांनाच शिकवून शिक्षक करण्यात आले. पहिली गोंडी पुस्तके देवनागरीत निघाली, कारण त्या मुलुखात मराठी ही शेजारची भाषा होती. आदिलाबादेत अधिकारी म्हणून राहिलेले इतिहासकार सेतुमाधवराव पगडी स्वतः गोंडी शिकले आणि त्यांनी तिचे व्याकरणही लिहिले. अर्जदाराची भाषा अर्ज ऐकणाऱ्याने शिकावी, हा प्रकार आपल्याकडे विरळाच.

या निवडीतही एक कल होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. अल्पशिक्षित गुरुजी वरच्या वर्गांना कितपत पुरे पडणार, ही शंका रास्तच होती. पण वर्गातल्या मुलाला गुरुजींचे पहिले वाक्य समजलेच नाही, तर वरचे वर्ग भरणार कोठून?

पुढे कसोटी पुन्हा पुन्हा बदलली. आंध्र प्रदेश सरकारने 2000 साली अनुसूचित क्षेत्रांतील शाळांमध्ये शिक्षकांच्या सर्व जागा स्थानिक आदिवासींसाठी राखून ठेवल्या. 22 एप्रिल 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने शंभर टक्के आरक्षणाचा हा आदेश घटनाबाह्य ठरविला. त्याखाली आधी झालेल्या नेमणुका मात्र अटी घालून कायम ठेवल्या.