दवाखाना छावणीत, घर गावाकडं

आपल्या सातारा जिल्ह्यात फौजी घरांना तोटा नाही. अपशिंगे तर नावातच 'मिलिटरी' लावतं. भरती, पेन्शन, वन रँक वन पेन्शन यावर पारावर तासन्‌तास बोलणारे आपण सगळेच आहोत. पण फौजी घरातल्या बायका एकत्र बसल्या की विषय वेगळा असतो. "तुमच्या गोळ्या मिळाल्या का? आमच्या या खेपेलाबी न्हवत्या." "नवा डॉक्टर आलाय, त्यानं समदं औषधच बदललं."

कुणाला वाटेल, ही नेहमीची सरकारी रडकथा. मला तसं वाटत नाही. या तक्रारीची मुळं शंभर वर्षांपेक्षा जुनी आहेत आणि ती नीट पाहिली तर नेमकं कुठं अडलंय ते कळतं. पोस्ट लांब आहे. सवडीनं वाचा.

सुरुवात पलटणीच्या दवाखान्यापासून करू. इंग्रजांच्या काळात हिंदी पलटणींचे दवाखाने पलटणीचेच असायचे. पलटणीचा एक डॉक्टर, हाताखाली थोडी माणसं, शुश्रूषेला बऱ्याचदा पलटणीतलेच शिपाई. सोयी अगदी बेताच्या. पण एक गोष्ट होती, डॉक्टर आपल्या माणसांना ओळखायचा. पलटण हलली की दवाखानाही तिच्याबरोबर हलायचा. बायकापोरं मात्र बहुतेकांची गावीच असत. त्यांचा औषधपाणी म्हणजे गावचा वैद्य, देवाचा अंगारा आणि नशीब बरं असेल तर तालुक्याचा दवाखाना. शिपाई लढण्यालायक ठेवायचा, एवढंच या व्यवस्थेचं काम. घर त्या हिशेबात नव्हतंच.

ही व्यवस्था किती तकलादू आहे हे मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये उघडं पडलं. पहिल्या महायुद्धात तिथं गेलेल्या सहाव्या डिव्हिजनचं नावच 'पुणे डिव्हिजन'. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफॉनच्या लढाईनंतर जखमींना स्प्रिंग नसलेल्या गाड्यांतून नदीपर्यंत नेलं, तिथून गर्दीनं भरलेल्या बोटींतून बसऱ्याला पाठवलं. मलमपट्टी करायला माणसं नाहीत, डॉक्टर पुरेसे नाहीत. मेजर कार्टर या डॉक्टरनं बसऱ्याच्या धक्क्यावर जे पाहिलं ते वर कळवलं, तर वरिष्ठांनी त्यालाच दमात घेतलं. उरलेलं सैन्य कुत इथं वेढ्यात अडकलं आणि २९ एप्रिल १९१६ ला शरण गेलं. १९१७ मध्ये चौकशी आयोगाचा अहवाल आला आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना राजीनामा द्यावा लागला. शिपायाच्या औषधोपचारावरून लंडनमध्ये मंत्र्याची खुर्ची गेली, हे आपल्या शाळेच्या पुस्तकात कधी आलं नाही.

त्यातून एक मोठी सुधारणा झाली. १९१८ मध्ये हिंदी सैन्यासाठी पलटणीच्या दवाखान्याऐवजी छावणीचे दवाखाने, म्हणजे स्टेशन हॉस्पिटलं सुरू झाली. खाटा, परिचारिका, उपकरणं, सगळंच सुधारलं. पण यात एक बदल झाला, त्याकडं फारसं कुणी पाहिलं नाही. दवाखाना आता छावणीला बांधला गेला. जवानाची बदली झाली की डॉक्टर नवा, कागद नवे, सुरुवात पहिल्यापासून.

स्वातंत्र्यानंतर पाया आणखी पक्का झाला. १९४८ मध्ये पुण्यात एएफएमसी उभं राहिलं. पुण्याचं कमांड हॉस्पिटल, खडकीचं मिलिटरी हॉस्पिटल, मणक्याला मार बसून अंथरुणाला खिळलेल्या जवानांसाठीचं खडकीचं पॅराप्लेजिक केंद्र. या ठिकाणच्या डॉक्टर-सिस्टरांनी किती घरं सावरलीत हे फौजी माणसाला सांगायला नको. माझी तक्रार त्यांच्यावर नाही. जवानाच्या बायकापोरांनाही तिथं उपचार मिळतात. पण ती हॉस्पिटलं कुठं आहेत बघा: पुणे, खडकी, देवळाली, अहिल्यानगर, कामठी. छावण्यांचा हा नकाशा इंग्रजांनी लढाईच्या आणि रेल्वेच्या सोयीनं आखलेला. भरतीचा नकाशा वेगळाच: माण, खटाव, जावळी, पाटण, कोकणात महाड, पोलादपूर. नवरा सीमेवर, बायको सासू-सासऱ्यांपाशी गावी आणि हक्काचा दवाखाना शे-दीडशे किलोमीटरवर. भरतीचा नकाशा आणि दवाखान्याचा नकाशा कधी जुळलेच नाहीत. सगळं दुखणं इथं आहे.

निवृत्तांची गत तर आणखी बिकट होती. केंद्राच्या मुलकी कर्मचाऱ्यांसाठी सीजीएचएस ही आरोग्य योजना दिल्लीत १९५४ लाच सुरू झाली. माजी सैनिक मिलिटरी हॉस्पिटलात जाऊ शकायचा, पण जागा असेल तर, औषध असेल तर. वयाच्या पस्तिशी-चाळिशीत निवृत्त होऊन गावी परतलेल्या माणसाचं खरं आजारपण पुढंच सुरू होतं. तेव्हा हाताशी काय? पाचव्या वेतन आयोगानंतर महिन्याला १०० रुपये वैद्यकीय भत्ता.

म्हणून १ एप्रिल २००३ ला ईसीएचएस आली तेव्हा माजी सैनिकांना खरंच मोठा आधार वाटला. एकदाच वर्गणी भरायची, स्मार्ट कार्ड घ्यायचं, आपल्या पॉलिक्लिनिकमध्ये जायचं, गरज पडली तर तिथून यादीतल्या खासगी रुग्णालयाची चिठ्ठी घ्यायची. सुरुवातीला २२७ पॉलिक्लिनिकं होती, २०१० मध्ये ४२६ मंजूर झाली. दवाखाना पहिल्यांदा छावणीबाहेर जिल्ह्यात आला. हे श्रेय द्यायलाच हवं. या योजनेनं शेकडो किलोमीटरचा प्रवास वाचवला आणि लाखाची बिलं भरली.

पण इमारत जवळ आली तरी उपचारात सातत्य आलं नाही. कारण रचनेतच आहे. पॉलिक्लिनिकमधले डॉक्टर आणि कर्मचारी कराराचे, करार साधारण वर्षभराचा. पगार जेमतेम, मग चांगला डॉक्टर टिकतो किती दिवस? नेमणूक आणि कारभार लष्करी स्टेशन मुख्यालयाकडून, औषधं लष्कराच्या वैद्यकीय साखळीतून, पैसा संरक्षण मंत्रालयाकडून, खासगी रुग्णालयांची बिलं तपासणारी संस्था आणखी चौथी. गोळी मिळाली नाही तर जाब कुणाला विचारायचा? प्रत्येक जण दुसऱ्याकडं बोट दाखवतो आणि त्यात कुणी खोटंही बोलत नाही. औषधांचा तुटवडा, रखडलेली बिलं या गोष्टी २०१५ मध्ये कॅगच्या अहवालातही आल्या. बिलं थकली की खासगी रुग्णालय कॅशलेस बंद करतं आणि पेशंट काउंटरवरूनच परत फिरतो.

सातत्य नसलं की काय होतं, हे आमच्याच घरात पाहिलं. काका सुभेदार म्हणून निवृत्त झाले, त्यांच्या मागं काकूला साखर आणि बीपी. एका पॉलिक्लिनिकमध्ये वर्षात तीन डॉक्टर बदलले. एकानं दिलेली साखरेची गोळी पुढच्या महिन्यात स्टॉकला नव्हती, म्हणून दुसऱ्या नावाची मिळाली. काकूनं घरात उरलेली जुनीही घेतली आणि नवीही. नावं वेगळी, आतलं औषध एकच. पहाटे घामानं चिंब होऊन ती मोरीत पडली. साखर पार खाली गेली होती. शेजारच्या पोरानं तोंडात साखर घातली आणि गाडी काढली म्हणून वाचली. नंतर कुणीतरी तिला विचारलं, "मावशी, नीट बघून घ्यायचं नाही का?" ती म्हणाली, "मला काय ठावं बाबा? नवी दिली म्हंजी नवी. आधीची बंद कर म्हून कोन बोललं?"

डॉक्टरही चुकला नव्हता. त्याच्यासमोर आधीचा कागदच नव्हता.

दुसरी गोष्ट नावाची. ही खास आपल्याकडची. लग्नात मुलीचं नाव बदलायची आपली पद्धत. फौजेच्या नोंदीत बायकोचं नाव लागलं माहेरचं, आधारवर सासरचं, रेशनकार्डावर तिसरंच. नवरा नोकरीत असेल तर पार्ट टू ऑर्डर काढून दुरुस्ती होते. तो गेल्यावर साठ-सत्तर वर्षांच्या विधवेनं बेळगावच्या किंवा आणखी दूरच्या रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार करायचा, प्रतिज्ञापत्र करायचं, आणि तोवर कार्ड अडकलेलं. आजार काही नावदुरुस्तीसाठी थांबत नाही.

मग करायचं काय? मला वाटतं, मागणी 'सुविधा द्या' अशी मोघम नको, नेमकी हवी. प्रत्येक पेशंटच्या हातात मराठीत छापलेला एक कागद हवा: आजार कोणता, औषधाचं मूळ नाव काय, कुठली गोळी बंद केली. बीपी-साखरेची औषधं तरी दर वेळी त्याच घटकाची मिळावीत, बदलली तर तोंडी समजावून सांगावं. डॉक्टरांचे करार किमान तीन वर्षांचे करावेत. खासगी रुग्णालयांची बिलं ठरल्या मुदतीत द्यावीत. आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयानं रेकॉर्ड ऑफिसची माणसं बोलावून नावदुरुस्तीचं शिबिर तालुक्याला घ्यावं. यातल्या बऱ्याच गोष्टींना नवा कायदा लागत नाही, कुणीतरी जबाबदारी घ्यावी लागते.

खासदारांना मतं मागायला माजी सैनिकांचे मेळावे चालतात, तर हे प्रश्न त्याच मेळाव्यात उभं राहून विचारायला काय हरकत आहे?

तोवर एक काम आपल्या हातात आहे. आज आपल्या घरातल्या, शेजारच्या फौजी आजी-काकूंच्या गोळ्यांची पिशवी उघडा. एकाच औषधाच्या दोन नावांच्या पट्ट्या सापडतात का बघा. शंका आली तर आपल्या मनानं काही बंद करू नका, पट्ट्या घेऊन डॉक्टरकडं जा. आणि काय सापडलं ते इथं लिहा. दहा-वीस घरांचे अनुभव एकत्र आले की निवेदन द्यायला आपण सगळे मिळून जाऊ.